मग आणला कोणी?

आचलच्या हाताला चव नाही, असं तिच्या सासऱ्यांनी म्हटलं तेव्हा तिच्या हातावरची मेंदीही पुरती उतरली नव्हती.

सासऱ्यांचं नाव कैलाश. गोंदिया शहराला लागून फुलचूर आहे, तिथे त्यांचं पक्कं घर, आणि जवळच्याच एका राईस मिलमध्ये ते हमालांचे मुकादम. खाण्याचा शौकीन माणूस. मुलगी पाहायला केशोरीला आले होते तेव्हा आचलनं केलेली वांग्याची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली होती आणि हात धुता धुता आचलच्या बापाला, बकारामला, म्हणाले होते, "इवाई, पोरगी आमच्या हेमेंद्रला पसंत असो नसो, मला तर पसंत आहे." सगळे हसले होते. लग्न ठरलं ते जवळजवळ त्याच हसण्यावर.

आणि आता तेच कैलाश ताटावर बसून विचारत होते, "बेटा, मीठ टाकायला विसरली का?"

आचलनं मीठ वाढवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिखट वाढवलं, लसूण वाढवला, तरी ते घास नुसता तोंडात घोळवत आणि ताट सरकवून देत. मग सासूनंही, धुरपताबाईंनीही, तोंड वाकडं केलं. "सगळं मातीवानी लागते." आचलनं स्वतः भाजी चाखून पाहिली तर मिठानं जीभ चरचरली. तिला काही कळेना. घरामागच्या सांदवाडीत जाऊन तिनं आईला फोन लावला आणि रडली. सुलोचनाबाईंनी समजूत घातली, "नव्या चुलीवर हात बसाले वेळ लागते, माय. रडू नोको."

ही गोष्ट दोन हजार वीसच्या फेब्रुवारीतली. चीनमधल्या आजाराच्या बातम्या टीव्हीवर येत होत्या, पण गोंदियात त्याचा विषय निघाला तर लोक हसण्यावारी नेत. कैलाशना ताप भरला तेव्हा लग्नाची दगदग, असंच सगळ्यांना वाटलं. एका डॉक्टरनं व्हायरल म्हटलं, दुसऱ्यानं टायफाइडची औषधं दिली. खोकला काही केल्या थांबेना. शेवटी छातीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरचा चेहरा उतरला आणि नागपूरला हलवा, असं ते म्हणाले. गाडी भंडाऱ्यापर्यंतही पोचली नाही.

तेरवीला बकाराम आणि सुलोचनाबाई केशोरीहून गेले. पंगत बसली होती. बकारामच्या पाठीमागे, दाराच्या आत, बायका बोलत होत्या. कोणीतरी म्हणालं, "मांडवाची पानं वाळली नाईत अन् घरचा धनी गेला. आल्या पावली खाऊन टाकलं. पोरगी पांढऱ्या पायाची हाय." बकारामचा घास हातातच राहिला. धुरपताबाई आता काहीतरी बोलतील, 'अशी गोष्ट नका करू' म्हणतील, म्हणून त्यानं कान दिला. आतून भांड्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

त्याच दिवशी निघताना धुरपताबाई म्हणाल्या, "आचलला घेऊन जा चार दिवस. तिचंही मन रमंल."

चार दिवस म्हणून आचल आली आणि लॉकडाऊन लागला. रस्त्यांवर बांबू आडवे पडले, एसटी बंद झाली. सुरुवातीला हेमेंद्रचा फोन रोज यायचा. मग दोन-तीन दिवसांनी यायला लागला. मग आचल लावायची तेव्हा उचलायचा. पावसाळा आला, धानाची रोवणी झाली, रस्ते उघडले, बसगाड्या सुरू झाल्या. फुलचूरहून तिला न्यायला कोणी आलं नाही. सुलोचनाबाईंनी एकदा फोन करून विचारलं तर धुरपताबाई म्हणाल्या, "आमचं एक वर्ष तर होऊ द्या, ईहीन. घरात सुतक हाय." सुतक वर्षभर नसतं हे दोघींनाही माहीत होतं.

आचल शांत होती. ती आईबरोबर धानाच्या बांधीत उतरून निंदण करायची, घरी येऊन भाकरी टाकायची. फक्त भाजी करायची नाही. आईनं सांगितलं तर म्हणायची, "तूच टाक ना मीठ." बकारामला ते दिसत होतं. त्याच्याकडे पाच एकर धानाची जमीन होती, शेतावरच्या बोडीत, छोट्या तळ्यात, पाणी होतं, गावात चार माणसं त्याचा शब्द मानत. पण पायगुण हा असा आरोप होता की ज्याच्यावर साक्ष काढता येत नाही, पंचायत बसवता येत नाही. भांडायला समोर कोणी उभंच नव्हतं.

सप्टेंबरात घरोघरचा सर्व्हे सुरू झाला. आरोग्य केंद्रातली मोनाली सिस्टर आशाताईला घेऊन बकारामच्या घरापुढच्या छपरीत आली. तोवर केशोरीतही पेशंट निघाले होते. सिस्टरनं बोटाला क्लिप लावली, कपाळाला ताप मोजायचं यंत्र धरलं आणि पाठ झालेले प्रश्न विचारू लागली. ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का, तोंडाची चव किंवा नाकाचा वास गेला का.

बकाराम म्हणाला, "चव जाते म्हनजे कशी जाते, सिस्टर?"

"काही खाल्लं तरी अळणी लागते, काका. मीठसुद्धा कळत नाही. काही लोक म्हणतात माती खाल्ल्यासारखं वाटते."

चुलीजवळ आचलच्या हातातलं भांडं खाली टेकलं. बकारामनं तिकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकाच वेळी तेच सुचलं. बकाराम उठून उभा राहिला. मग बसला. पुन्हा उठला.

"अन् सिस्टर, आधी होऊन गेला असन, सहा-सात महिने आधी, तर आता समजते का?"

मोनाली सिस्टरनं थोडा विचार केला. "रक्ताची तपासणी आहे. अँटिबॉडी म्हणतात. आजार येऊन गेला की रक्तात त्याची खूण राहते. आपल्याकडे नाही होत, गोंदियात लॅबमध्ये करतात. पण काका, तुम्हाला कशाला पाहिजे?"

त्या दिवशी बकारामनं अंगणात इतक्या येरझाऱ्या घातल्या की सुलोचनाबाई म्हणाल्या, "का झालं तुमाले?" तो म्हणाला, "अवो, तो आजार होता! इवायाले तो आजार झालता. पोरीच्या हाताची चव नोती गेली, त्यायच्या तोंडाची गेलती!" बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. किती महिन्यांनी त्याला कोणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं.

धान कापणीला यायच्या आधी तो आचलला घेऊन एसटीनं गोंदियाला गेला. आचलला जायचं नव्हतं. "मले तर काईच झालं नोतं, बाबा. लग्नानंतर दोन दिवस आंग दुखलं, बस." पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. सासरा गेला, त्याच्या रक्ताची तपासणी आता होणार नव्हती. पण त्याच घरात, त्याच पंगतीत आचल होती. तिच्या रक्तात खूण निघाली की झालं.

खूण निघाली. लॅबचे डॉक्टर तरुण होते, मास्कच्या वर नुसते डोळे दिसत. त्यांनी रिपोर्ट हातात दिला आणि म्हणाले, "काका, पॉझिटिव्ह आहे. घाबरायचं काही नाही. आजार येऊन गेला, आता नाही."

"फेब्रुवारीत झालता ना साहेब? लग्नाच्या वक्ती?"

"ते यात नाही कळत. कधी झाला ते ही टेस्ट नाही सांगत. मागच्या महिन्यातही झाला असेल. तुमच्या गावात पेशंट आहेत ना?"

"आहेत. पन तिचा सासरा..."

"त्यांची टेस्ट झाली होती?"

"तवा कुठं होती टेस्ट, साहेब."

"मग कोणीच सांगू शकणार नाही. असू शकते, नसू शकते."

'असू शकते' एवढं बकारामनं उचललं आणि बाकीचं त्या टेबलावर सोडून दिलं. बाहेर आल्यावर आचलला वाटलं, आता बसस्टँड. पण तो ऑटोवाल्याला म्हणाला, "फुलचूर."

"बाबा, डॉक्टर काय म्हनले ते आयकलं ना तुमी?"

"आयकलं. चाल."

फुलचूरच्या घरी धुरपताबाई धान्य निवडत बसल्या होत्या. सुनेला पाहून त्यांचा हात थांबला. आचल पाया पडली. हेमेंद्र घरीच होता. त्यानं पाणी आणून दिलं, 'कशी आहेस' असं हळूच विचारलं. मुलगा वाईट नव्हता. वडिलांच्या जागी त्याला मिलवर लावलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या कामाचा थकवा दिसत होता. भिंतीवर कैलाशचा फोटो होता, हार ताजा होता.

बकारामनं सगळं सांगितलं. एवढं तो जन्मात कधी सलग बोलला नव्हता. चव कशी जाते, मीठ कसं कळत नाही, मातीसारखं कसं लागतं, टायफाइड नव्हताच, फुप्फुसं कशी भरतात. रिपोर्ट हेमेंद्रच्या हातात दिला. "ईहीनबाई, माज्या पोरीचा पाय पांढरा नाई. आजार होता तो. मानसाले मारनारा आजार. साऱ्या दुनियेत मानसं मरून राहिली, त्यातच आमचे इवाई गेले. हिचा का गुन्हा?"

धुरपताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या. "यांनाही असंच लागत होतं," त्या म्हणाल्या. "मलाही लागत होतं. मी पोरीला बोलली." त्यांनी आचलकडे पाहिलं, आणि क्षणभर बकारामला वाटलं, झालं, सुटली. आचलच्या पाठीवर त्या आता हात ठेवणार.

हेमेंद्र रिपोर्ट वाचत होता. वाचून झाल्यावर तो सासऱ्याला म्हणाला, "मामाजी, मग आणला कोणी?"

"काय?"

"आजार. आमच्या घरी कोणी आणला? तेव्हा गोंदियात एकही केस नव्हती. पहिला पेशंट मार्चच्या शेवटी निघाला, पेपरला आलं होतं. बाबूजी मिल ते घर, घर ते मिल. बाहेर कुठे गेले? तुमच्या मांडवात गेले फक्त."

बकारामला अजून कळलं नव्हतं तो काय म्हणतोय. धुरपताबाईंना कळलं. त्यांचं रडणं थांबलं.

"भूपेंद्र खोकलत होता," त्या म्हणाल्या. "हैदराबादहून आलता ना तुमचा पोरगा? मांडवातही खोकलत होता. मी म्हटलं होतं, याला काढा द्या म्हणून."

भूपेंद्र हा बकारामचा थोरला. हैदराबादला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात खोल्या साफ करायचं, चादरी बदलायचं काम करायचा. लग्नासाठी आठ दिवसांची सुट्टी घेऊन आला होता, आणि हो, खोकत होता. बकारामनंच त्याच्या हातावर आलं आणि गूळ ठेवला होता. ते आता लख्ख आठवलं.

"नाई, तसं नाई," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेब म्हनले, कधी झाला ते यातून समजत नाई. आचलले मागच्या महिन्यात पन झाला असन. गावात पेशंट आहेत आमच्या."

हेमेंद्रनं मान वर केली. "आत्ता तर तुम्ही म्हणत होते तोच आजार होता म्हणून."

"म्हनलो मी. पन..."

"मामाजी, या तर तोच होता, या तर नव्हता. दोन्ही कसं चालेल?"

धुरपताबाई फोटोकडे पाहत म्हणाल्या, "देवानं नेलं असं समजून बसली होती मी. आता तुम्ही येऊन सांगता की तुमच्या घरून आलं मरण." त्यांचा आवाज चढलेलाही नव्हता. "इतके दिवस मी ज्याच्यावर रागवावं असं कोणी नव्हतं. कशाला आले तुम्ही?"

आचलनं बापाचा दंड धरला आणि त्याला उठवलं.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. लोक तेव्हा एका सीटवर एकच बसत, म्हणून ती पुढच्या सीटवर आणि तो मागे. कोहमारा गेलं, नवेगावबांधचं जंगल लागलं. आचल मागे वळून सीटच्या पाठीवर हात ठेवून बसली.

"बाबा, एक सांगू?"

"सांग."

"मी सुटली तर दादा अडकते."

बकाराम खिडकीतून बाहेर पाहत होता.

"मले राहू द्या पांढऱ्या पायाची. मी तर घरीच आहो. मले सवय झाली. दादाले नाई झेपनार हे. त्याले काई सांगू नोका तुमी."

"असं नोको बोलू, बेटा."

"मग कसं बोलू? तुमीच सांगा."

तो हिला वाचवायला निघाला होता आणि आता हीच त्याला सांगत होती की कोणाला वाचवायचं. दोन पोरं, आणि दोघांपैकी एकाच्या डोक्यावर हे ठेवल्याशिवाय दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरत नव्हतं. व्याह्याच्या मरणाला कारण नव्हतं तोवर बरं होतं, असाही एक विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

घरी त्यानं भूपेंद्रला काही सांगितलं नाही. सुलोचनाबाईंना मात्र त्यानं सांगितलं, त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "कायले गेले तुमी तिथं? आं? कायले?" एवढंच.

भूपेंद्रपासून लपवून ठेवण्यात काही अर्थ नव्हता, कारण हेमेंद्रनं त्याला फोन केला. दोघांचं चांगलं जमायचं. लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद पडून भूपेंद्र गावी परतला तेव्हा त्याला गावच्या शाळेत चौदा दिवस कोंडून ठेवलं होतं, तेव्हाही हेमेंद्रच त्याची फोनवर विचारपूस करायचा. कापणी सुरू होती. बकाराम विळा घेऊन बांधीत पोचला तेव्हा भूपेंद्र शेताच्या कडेला धुऱ्यावर बसला होता, मोबाइल बाजूला पडला होता.

"काऊन बसला रे?"

"मले ताप होता, बाबा," भूपेंद्र म्हणाला. "लग्नाले आलो तवा. हैदराबादलेच भरलता. गोळी खाऊन गाडीत बसलो. कोनाले सांगतलं नाई. आचलचं लग्न होतं, कसं राहू तिकडे?"

"साधा ताप असन रे. थंडीचा."

"हॉटेलात कुठून कुठून लोक येत. कोनाच्या चादरी धुतल्या, मले का मालूम." त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि त्यांच्याकडे पाहत तो बोलत होता. "पाठवनीच्या वक्ती मी आचलच्या सासऱ्याच्या गळ्यात पडून रडलो, बाबा. आमच्या बहिनीले सांभाळा म्हनून. लय वेळ धरून ठेवलं मी त्यायले. त्यायनं माजी पाठ थोपटली."

बकाराम त्याच्याजवळ बसला. समोर अर्ध्या बांधीत मजूर बाया कापत चालल्या होत्या, कोणीतरी हसत होतं. तो म्हणाला, "चाल, तुजी पन तपासनी करू."

आता त्याला वाटत होतं की भूपेंद्रच्या रक्तात काही निघू नये. देवापुढे नारळ बोलला तो. पुन्हा तीच बस, तीच लॅब, तेच डॉक्टर. आणि भूपेंद्रचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

"नाई ना साहेब!" बकाराम खुर्चीवरून अर्धा उठला. "म्हनजे याले झालाच नोता!"

डॉक्टरनी रिपोर्ट खाली ठेवला. सगळी हकीकत आता त्यांना माहीत झाली होती. "काका, बसा. आठ महिने झाले. इतक्या दिवसांनी पुष्कळ लोकांच्या रक्तात ते दिसत नाही. झालाच नसेल किंवा होऊन गेला आणि आता खूण विरली असेल. दोन्ही होऊ शकते."

"पन आचलच्या रक्तात तर हाये."

"असते कोणात, कोणात नसते. तिला नंतर झाला असेल."

"आमच्या साऱ्यायची तपासनी केली तर? मांडवातल्या साऱ्या लोकायची? मी आनतो ट्रॅक्टर भरून."

"केली तरी तारीख नाही सांगणार रक्त."

बकारामनं हात जोडले. "साहेब, मी अडानी मानूस. तुमी काईतरी एक सांगा. होता म्हना, का नोता म्हना. तुमी जे सांगान ते मी जाऊन सांगतो."

"मला माहीत असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, काका," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी त्या टेस्टचे पैसे परत करायला काउंटरवरच्या मुलीला खूण केली. बकारामनं ते घेतले नाहीत.

भूपेंद्र बाहेर पायरीवर उभा होता. बापानं त्याला निगेटिव्हचं सांगितलं, तेवढंच सांगितलं. भूपेंद्रनं मान हलवली. पण त्याच्याजवळही मोबाइल होता आणि तो रोज त्यात हेच वाचत बसायचा. "विरून जाते, बाबा," तो म्हणाला. "मले मालूम हाय."

बकारामनं एकदा फुलचूरला फोन केला. भूपेंद्रच्या रक्तात काही निघालं नाही, असं सांगितलं. हेमेंद्रनं शांतपणे ऐकलं. "ठीक आहे मामाजी," तो म्हणाला. "मी भांडत नाही तुमच्याशी. पण आईसमोर आचल आली की आईला भूपेंद्र दिसतो. मी काय करू सांगा?" तोही खरंच विचारत होता. त्यालाही कोणी काही सांगितलं असतं तर हवं होतं.

दिवाळी झाली आणि भूपेंद्र हैदराबादला परत गेला. हॉटेल अजून नीट सुरू झालं नव्हतं, पगार अर्धा होता, सगळ्यांनी थांब म्हटलं. तो थांबला नाही. जाताना त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही, आणि बापानं गळामिठी मारायला हात पुढे केले तेव्हा तो एक पाऊल मागे सरकला. "राहू द्या, बाबा," म्हणाला. "गाडीत बसतो मी."

पुढच्या फेब्रुवारीत कैलाशचं वर्षश्राद्ध झालं. केशोरीला निरोप आला नाही. त्यानंतर काही दिवसांनी मुन्नालाल आले. हे दोन्ही घरांच्या ओळखीचे, लग्न त्यांनीच जुळवलं होतं. एका छोट्या मालवाहू गाडीत आचलचं आंदण भरून त्यांनी आणलं होतं: पलंग, गादी, भांडी, शिलाई मशीन, लोखंडी कपाट. "भाऊ, माझ्यावर राग नका धरू," ते म्हणाले. "पोरगा रडत होता गाडी भरताना. पण माय ऐकत नाही. फारकतीच्या कागदपत्रांचं मागाहून पाहू म्हणतात."

आचलनं चहा ठेवला, स्वतः येऊन भांडी उतरवून घेतली. डब्यावर, ताटांवर, पाण्याच्या गुंडावर तिचं आणि हेमेंद्रचं नाव कोरलेलं होतं. सुलोचनाबाईंनी ती तशीच माळ्यावर चढवली.

कपाटाची मात्र पंचाईत झाली. ते गोंदियातल्या दुकानातून थेट फुलचूरला गेलं होतं. या घरात कधी आलंच नव्हतं. चार माणसांनी उचललं, उभं धरलं, आडवं धरलं, तिरपं केलं. दार बुटकं, त्यातून ते जाईना. मुन्नालाल म्हणाले, चौकट काढावी लागेल. ड्रायव्हर म्हणाला, कपाटाचे पाय कापा. बकाराम घाम पुसत म्हणाला, "राहू द्या छपरीतच." मग गाडी निघून गेली आणि कपाट छपरीत उभं राहिलं, भिंतीला पाठ लावून, त्यावर धान झाकायची ताडपत्री टाकलेली.

एप्रिलमध्ये खरी लाट आली. केशोरीत घरोघर माणसं पडली, ऑक्सिजनसाठी लोक गोंदियात हिंडत होते, चितेसाठी जळण कमी पडलं अशाही गोष्टी ऐकू येत. आता कोणाला कोणाकडून झाला हे कोणी विचारत नव्हतं. विचारायला गेलं तर अर्धा जिल्हा एकमेकांचा गुन्हेगार ठरला असता. बकारामला वाटायचं, हे असं सगळीकडे झालं आहे तर फुलचूरलाही कोणाच्या तरी मनात येईल, की एका बिचाऱ्या पोराच्या खोकल्याला धरून काय बसायचं. त्यानं वाट पाहिली. हेमेंद्रचं दुसरीकडे जुळवत असल्याचं पावसाळ्यात कानावर आलं.

भूपेंद्र आठवड्यातून एकदा फोन करी. बकाराम छपरीत बसून फोन घ्यायचा. जेवला का, पाऊस आहे का तिकडे, पगार झाला का, एवढं बोलून झालं की दोघंही गप्प व्हायचे. फोन मात्र कोणी ठेवत नसे. एकदा अशाच गप्पपणात भूपेंद्र खोकला. साधा, घसा साफ केल्यासारखा. आणि तिकडून लगेच, घाईघाईनं, आवाज आला, "काई नाई बाबा, पानी पेत होतो, ठसका लागला."

"हो रे," बकाराम म्हणाला. "ठसकाच असन."

आत आचल पीठ मळत होती. कोणाचा फोन, असं तिनं विचारलं नाही. बकारामनं फोन कानालाच धरून ठेवला. पलीकडे भूपेंद्र श्वास आवरून, आवाज न करता, बसला होता हे त्याला ऐकू येत होतं.